वाचकांचे प्रश्न : निवेदनाकडून दिग्दर्शनाकडे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय जवळजवळ एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : माझे वय चोवीस वर्षे आहे. पदवी घेतल्यानंतर गेली तीन वर्षे मी रेडिओवर नैमित्तिक निवेदिका म्हणून काम करते. महिन्यातून मोजक्याच पाळ्या मिळतात. मला पुढे दूरचित्रवाणीसाठी दिग्दर्शन करायचे आहे. घरच्यांचे म्हणणे असे की दिग्दर्शनच करायचे होते तर आवाजाच्या कामात तीन वर्षे फुकट का घालवली? या वाटेने याआधी कुणी गेले आहे का?
— एक निवेदिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर शोधायला मराठी माणसाला फार दूर जावे लागत नाही. सई परांजपे हे नाव आपल्याला चित्रपटांमुळे ठाऊक असेल; परंतु त्यांच्या कामाला सुरुवात झाली ती आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, निवेदिका म्हणून. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि त्याच्या पहिल्या दशकातच, मुलांसाठीच्या कार्यक्रमामुळे, सईताईंचा आवाज श्रोत्यांच्या ओळखीचा झाला. त्यांचा जन्म १९३८ चा. रँग्लर परांजपे यांची नात आणि शकुंतला परांजपे यांची मुलगी असल्यामुळे घरात लिहिण्यावाचण्याचे वातावरण होतेच, आणि वयाच्या आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे त्यांचे गोष्टींचे पुस्तक छापूनही आले होते. मात्र स्टुडिओत प्रसारण सुरू झाल्याचा लाल दिवा लागल्यावर घराण्याची पुण्याई कुणाच्या कामी येत नाही. त्या क्षणी पुढच्या वाक्याची जबाबदारी एकट्या निवेदिकेवर असते. मुलांच्या कार्यक्रमात तर ही जबाबदारी अधिकच वाढते. मोठा श्रोता कंटाळला तरी रेडिओ सुरू ठेवून हातातले काम करत राहतो, मूल मात्र उठून सरळ अंगणात जाते. सईताईंच्या पडद्यावरच्या कामात साधी माणसे साध्या गोष्टी बोलत असतात आणि तरीही आपण जागचे हलत नाही, याचे मूळ मला तरी त्या बालश्रोत्यांमध्ये दिसते.

आता घरच्यांच्या आक्षेपाकडे वळतो. तीन वर्षे फुकट गेली असे म्हणणाऱ्याला निवेदनाचे काम म्हणजे समोरचा कागद गोड आवाजात वाचणे एवढेच वाटत असते, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण बाहेर तेवढेच ऐकू येते. मी ज्या केंद्रावर शिकलो तिथली एक गोष्ट सांगतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात चार पानांची संहिता आली, कोपऱ्यात टाचणी लावलेली. दुसऱ्या पानावर जाताना मी पान उलटले आणि त्याचा आवाज मायक्रोफोनने असा पकडला की जणू कुणी पत्रा हलवला. पाळी संपल्यावर एका ज्येष्ठ निवेदिकाबाईंनी काही न बोलता माझ्या समोर बसून टाचणी काढली, चारही पाने टेबलावरच्या कापडावर शेजारी शेजारी मांडली आणि वाचून झालेले पान न उचलता दोन बोटांनी कसे बाजूला सरकवायचे ते दाखवले. त्यानंतर त्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी तुटलेले वाक्य पुढच्या पानावर नव्याने लिहून घ्यायला लावले, म्हणजे पान बदलताना वाक्याच्या मध्ये श्वास अडकणार नाही. पुढे कॅमेऱ्याच्या कामात ‘हे दृश्य नेमके कुठे तोडावे’ हा प्रश्न जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा मला ते टेबल आठवले. वाक्य कुठे संपते आणि श्वास कुठे घ्यावा हे ज्याच्या कानाला कळते, त्याला दृश्य कुठे संपवावे हे शिकायला निम्माच वेळ लागतो.

निवेदिकेला आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे वेळेचा अंदाज. पुढचा कार्यक्रम चाळीस सेकंद आधी संपला तर ती चाळीस सेकंदे भरायची कशाने, आणि तीस सेकंद उशिरा संपणार असेल तर निवेदनातले कोणते वाक्य गाळायचे, हे तिला घड्याळाकडे पाहत, बोलता बोलता ठरवावे लागते. दिग्दर्शकाच्या हाताखाली तीस माणसे असतात, पण निर्णयाचा प्रकार हाच असतो.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. मायक्रोफोन बरेच शिकवतो, परंतु माणसाला उभे कुठे करावे, त्याने कोणत्या वाक्यावर वळावे, दोन माणसांमध्ये किती अंतर असावे, हे तो शिकवत नाही. श्रुतिकेत नट मायक्रोफोनपासून दोन पावले मागे सरकला की श्रोत्याला तो खोलीच्या दाराशी गेल्यासारखा वाटतो. पण ते दार कसे आहे, त्यातून उजेड येतो की नाही, हे कुणालाच ठरवावे लागत नाही. सईताईंनी ही उणीव ओळखली असावी असे त्यांच्या पुढच्या निर्णयावरून वाटते. त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या आणि १९६३ मध्ये तिथून शिकून बाहेर पडल्या. इब्राहिम अल्काझी यांनी संचालकपदाची सूत्रे घेतली तो हाच काळ, आणि त्यांची शिस्त किती कडक होती याच्या कथा नाट्यक्षेत्रात आजही सांगितल्या जातात. म्हणजे रेडिओच्या खुर्चीतून त्या थेट कॅमेऱ्यामागे जाऊन बसल्या नाहीत. मध्ये काही वर्षे विद्यार्थिनी होऊन शिकल्या. आपल्या पत्रात या मधल्या टप्प्याचा उल्लेख नाही, म्हणून त्यावर मुद्दाम जोर देतो.

त्यानंतर दिल्लीच्या दूरचित्रवाणीवर त्यांनी अनेक वर्षे निर्माती आणि दिग्दर्शिका म्हणून काम केले. त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ या दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रपटाला १९७२ मध्ये तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी मुंबई दूरदर्शन केंद्राच्या उद्घाटनाचा कार्यक्रम तयार करण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपवली गेली. मुलांच्या कार्यक्रमापासून सुरू झालेला धागा त्यांनी पुढेही सोडला नाही. १९७४ मध्ये बालचित्र समितीसाठी त्यांनी ‘जादू का शंख’ केला आणि नंतर या समितीचे अध्यक्षपदही दोनदा सांभाळले. ‘स्पर्श’ हा त्यांचा मोठ्यांसाठीचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट प्रेक्षकांसमोर आला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. आपल्या घरच्यांना हा हिशेब जरूर सांगावा. आपण चोवीस वर्षांच्या आहात.

‘स्पर्श’विषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा मला त्यात दिसतो. या चित्रपटाला हिंदीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नसीरुद्दीन शाह यांना अभिनयासाठी आणि सईताईंना पटकथेसाठी. कथेचा नायक अनिरुद्ध हा अंधशाळेचा मुख्याध्यापक आहे आणि स्वतः अंध आहे. तो डॉक्टरांकडे जायला निघतो, वाटेत एका घरातून गाणे ऐकू येते, आणि त्या आवाजाच्या ओढीने तो डॉक्टरांच्या दाराऐवजी गाणाऱ्या स्त्रीच्या दाराशी जाऊन पोहोचतो. चित्रपटासारख्या डोळ्यांच्या माध्यमात दोन माणसांची भेट केवळ कानांमुळे घडते. नायिका सुंदर आहे हे आपल्याला दिसते, पण नायकाला ते कधीच दिसणार नाही, आणि कथेला गती मिळते ती त्याला ऐकू आलेल्या सुरांमुळे. अशी मांडणी कुठल्याही कसबी दिग्दर्शकाला सुचू शकेल, हे मान्य. तरीसुद्धा ज्या व्यक्तीने उमेदीची वर्षे न दिसणाऱ्या श्रोत्यांशी बोलण्यात घालवली, तिला ती इतक्या सहजपणे सुचली याचे मला आश्चर्य वाटत नाही. न दिसणारा श्रोता काय काय ऐकतो याचा विचार करणे हेच तर निवेदिकेचे रोजचे काम असते.

त्यानंतरची ‘चश्मे बद्दूर’, ‘कथा’ ही नावे सर्वांना माहीत आहेत, म्हणून त्यांच्याविषयी विस्तार करत नाही. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

प्रश्न : पूर्वी रेडिओतली माणसे दूरचित्रवाणीत इतक्या सहज कशी जात असत? आज तसे होताना दिसत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, रामबाग, इंदूर

उत्तर : याचे कारण प्रशासकीय आहे. भारतात दूरचित्रवाणीची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाली आणि रोजचे प्रसारण १९६५ पासून होऊ लागले. परंतु हा सगळा व्याप आकाशवाणीचाच एक भाग होता. दूरदर्शन वेगळे झाले ते १ एप्रिल १९७६ रोजी. म्हणजे तोवर रेडिओतून दूरचित्रवाणीत जाणे हे एका घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यासारखे होते, आणि नव्या माध्यमाला माणसे हवी होती तेव्हा ती शेजारच्या खोलीतूनच बोलावली गेली. पु. ल. देशपांडेही आकाशवाणीतूनच दिल्लीच्या दूरचित्रवाणीकडे गेले होते.

दुसरे कारण कामाच्या पद्धतीत होते. त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, आधी ध्वनिचित्रमुद्रण करून चुका काढून टाकण्याची सोय जवळजवळ नव्हती. नाटक असले तरी ते कॅमेऱ्यांसमोर सलग होत असे, आणि नियंत्रण कक्षात बसलेल्या निर्मात्याला कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र बाहेर जाईल हे त्या त्या क्षणी सांगावे लागे. नाटकमंडळींना रंगभूमीची जाण होती, पण सेकंदांचा धाक नव्हता. चित्रपटवाल्यांना चित्राची जाण होती, पण एकदा चुकले की पुन्हा चित्रीकरण करण्याची सवय होती. रेडिओच्या माणसाला मात्र ‘आता गेले ते गेले’ हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असे. म्हणून तो तिथे लवकर रुळला.

आज दोन्ही ठिकाणची भरती वेगळी, प्रशिक्षण वेगळे आणि खासगी वाहिन्यांचा कारभार तर पूर्णपणे निराळा आहे. दार बंद झालेले नाही, परंतु आता ते बाहेरून ठोठवावे लागते.

प्रश्न : मी मराठी घरातला, पण निवेदन हिंदीत करतो. माझ्या हिंदीत मराठीचा वास येतो असे एका अनुभवी व्यक्तीने चारचौघांत सुनावले. पुढे संवाद-दिग्दर्शन करायचे आहे. हा दोष जन्मभर आड येईल का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : चारचौघांत सुनावणे योग्य नव्हते, परंतु त्यांनी जे ऐकले ते बहुधा खरे असावे, आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहे. ‘वास येतो’ एवढ्या ढोबळ शेऱ्याने कुणाचाच उच्चार सुधारत नाही, म्हणून नेमके सांगतो.

‘पैसा’ हा शब्द मराठीत आपण ‘पइसा’ असा, दोन स्वर जोडून उच्चारतो. हिंदीत तो स्वर आडवा, ‘पॅ’च्या जवळ जाणारा असतो. ‘मौसम’चेही तेच, तिथे ‘मउसम’ न होता ‘मॉ’च्या जवळचा उच्चार हवा. ‘कृपया’ मराठी तोंडातून ‘क्रुपया’ येते, हिंदीत ते ‘क्रिपया’ असते. ‘ज्ञान’ आपण ‘द्न्यान’ म्हणतो, तिथे ‘ग्यान’ म्हणावे लागते. ‘चोर’ आणि ‘जग’ हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण मराठीत जीभ दातांकडे जाते आणि हिंदीत टाळूकडे. पुष्कळ मराठी निवेदकांना वाटते की आपला ‘जहाज’मधला दाताजवळचा ‘ज’ म्हणजेच उर्दूचा नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब दिलेला, ‘ज़’. तो तसा नाही, कारण आपल्या ‘ज’मध्ये जीभ आधी टेकते आणि मग सुटते, तर ‘ज़’मध्ये ती टेकतच नाही.

सर्वांत अवघड गोष्ट नाकात आहे. मराठीच्या बोलण्यातून अनुनासिक स्वर जवळजवळ गेलेले आहेत, त्यामुळे ‘है’ आणि ‘हैं’ यांतला फरक आपल्या कानाला जाणवतच नाही. हिंदीत मात्र त्या एका टिंबावर एकवचन आणि अनेकवचन अवलंबून असते. बातमीत ‘मंत्री आए हैं’ या वाक्यातला अनुस्वार गळला तर आदरच गळतो. रोज सकाळी दहा मिनिटे ‘में, नहीं, यहाँ, हैं, मैं’ एवढेच शब्द मुद्रित करून ऐकावेत. दोन महिन्यांत कान तयार होतो, जीभ त्याच्या मागोमाग येते.

आणि जन्मभर आड येण्याचे म्हणाल तर उलट सांगतो. आपल्या इंदुरी घरांत ‘मी जेवण करून राहिलो आहे’ असे मराठी बोलले जाते, भाजीवाल्याशी माळवी मिश्रित हिंदी, बँकेत वेगळी हिंदी आणि पुण्याहून आत्या आली की वेगळे मराठी. हे सगळे ऐकत वाढलेल्या माणसाला पात्रांची बोली लिहिताना शब्दकोश उघडावा लागत नाही. मालवा हाउसमध्ये १९५५ पासून चाललेल्या आपल्या इंदूरच्या आकाशवाणीची खेड्यापाड्यांतली खरी ओळख काय होती? ‘खेती गृहस्थी’मधले नंदाजी आणि भेराजी. ते माळवीत बोलत, आणि शेतकरी त्यांना घरातल्या माणसांसारखे मानत. शुद्ध प्रमाण हिंदीत तोच सल्ला दिला असता तर तो शेताच्या बांधापर्यंत पोहोचला असता, असे मला वाटत नाही. सई परांजपे यांनीही ‘कथा’साठी स. गं. साठे यांचे ‘ससा आणि कासव’ हे मराठी नाटक हिंदीत नेले, आणि पडद्यावरची ती चाळ हिंदी बोलत असूनही मराठीच वाटते. त्या चित्रपटालाही हिंदीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. निवेदन करताना मराठीची छटा बाजूला ठेवायला शिका. संवाद बसवताना ती हवी तेव्हा परत आणता आली पाहिजे, एवढी ती जपूनही ठेवा.

प्रश्न : दूरचित्रवाणी-दिग्दर्शनाचे शिक्षण कुठे घ्यावे? इंदूर सोडावे लागेल का?
— दोन मैत्रिणी, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत दूरचित्रवाणीचा स्वतंत्र विभाग आहे, दिल्लीत सुरू झालेले हे प्रशिक्षण १९७४ मध्ये पुण्याला हलवण्यात आले. तिथे पदवीनंतर दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनिमुद्रण यांचे शिक्षण मिळते आणि प्रवेशपरीक्षा अखिल भारतीय असते. पात्रता व मुदत दर वर्षीच्या जाहिरातीतच पाहावी. नाट्यदिग्दर्शनाकडून येण्याची इच्छा असेल तर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, आणि जवळ म्हणायचे तर भोपाळचे मध्य प्रदेश नाट्य विद्यालय. इंदुरातच राहायचे असेल तर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा पत्रकारिता आणि जनसंचार विभाग आहे. तिथे दिग्दर्शकाची संपूर्ण तयारी होईल असे मी म्हणणार नाही, पण कॅमेरा आणि संकलन हाताळायला मिळणे ही सुरुवात म्हणून वाईट नाही.

प्रवेशाची वाट पाहत असताना घरबसल्या एक काम करता येईल. कुणाही घरच्या वडीलधाऱ्या माणसाला दहा मिनिटे बोलते करून फोनवर फक्त आवाज मुद्रित करावा, मग तो ऐकत ऐकत वहीच्या डाव्या बाजूला त्यांची वाक्ये आणि उजव्या बाजूला त्या वेळी कॅमेऱ्याने काय दाखवावे ते लिहावे. जिथे उजवी बाजू डावीचीच पुनरुक्ती करत असेल, म्हणजे आजी ‘विहीर’ म्हणाली की आपणही विहीरच दाखवत असू, तिथे लाल पेनाने खूण करावी. सुदामानगरच्या निवेदिकेनेही हे करून पाहावे. पहिल्या वहीत पानोपानी लाल खुणा दिसतील. तिसऱ्या-चौथ्या मुद्रणापर्यंत आजीच्या शब्दांऐवजी तिच्या हातातली सुपारी आणि अडकित्ता दिसू लागतो.